‘आर्टिस्ट’ आणि ‘आर्टिझन’ : डहाणू-तलासरीच्या चौकापाशी

१

इंग्रजीतील ‘आर्टिस्ट’ आणि ‘आर्टिझन’ हे दोन शब्द एकाच कुळातले आहेत, हे त्यांच्या रूपावरूनच कळते. मराठीत त्यांचे भाषांतर करताना आपण फारसे अडखळत नाही. पहिल्यासाठी ‘कलावंत’ आणि दुसऱ्यासाठी ‘कारागीर’ असे पर्याय हाताशी असतात. वर्गात ते चालतात, प्रबंधात चालतात आणि शासकीय कागदपत्रांतही चालतात. या सुलभतेविषयीच प्रस्तुत लेखात काही आक्षेप नोंदवायचे आहेत. भाषांतर चुकीचे आहे असे माझे म्हणणे नाही. भाषांतराबरोबर एक उतरंड मराठीत येते आणि ती आपल्या नजरेस येत नाही, एवढाच मुद्दा आहे. मूळ इंग्रजीत ही उतरंड इतिहासाच्या विशिष्ट टप्प्यावर तयार झाली. मराठीत ती जणू शब्दांच्या स्वभावातच आहे अशा थाटात वावरते.

हा प्रश्न केवळ कोशाचा असता तर त्यासाठी एवढा विस्तार आवश्यक नव्हता. परंतु आपल्या राज्यातच असा एक प्रदेश आहे की जेथे या दोन शब्दांतील अंतराने माणसांचे श्रेय, मोबदला आणि हक्क ठरत आले आहेत. हा प्रदेश म्हणजे डहाणू आणि तलासरी हे तालुके. ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला, तेव्हापासून ते त्या जिल्ह्यात मोडतात. मराठी वाचकाच्या मनात हा मुलूख ठसला तो गोदावरी परुळेकर यांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकाने. १९४५ च्या वारली लढ्याची ती हकीकत आहे. त्यात वारली माणूस भेटतो तो वेठीला धरलेला आणि मग वेठ झुगारून उभा राहिलेला माणूस म्हणून. पुढच्या काही वर्षांतच तोच वारली समाज जगाला चित्रांमुळे माहीत झाला. राबणारा माणूस आणि चित्र काढणारा माणूस ही दोन रूपे एकाच समाजाची, पुष्कळदा एकाच व्यक्तीची आहेत. त्यांच्या मधल्या जागेत ‘आर्टिझन’ हा शब्द उभा आहे. ती जागा नीट तपासली पाहिजे.

२

प्रथम या शब्दांचा त्यांच्या मूळ भूमीतील प्रवास थोडक्यात पाहू. दोहोंचा उगम लॅटिनमधील ‘आर्स’ या शब्दात आहे आणि त्याचा जुना अर्थ कौशल्य, रीतसर शिकलेली विद्या असा आहे. त्यात सौंदर्याचा वेगळा उल्लेख नाही. मध्ययुगीन लॅटिनमधील ‘आर्टिस्टा’ हा व्याकरण, तर्क, गणित आदी ‘मुक्त विद्यां’चा अभ्यासक होता, रंग आणि कुंचला यांच्याशी त्याचा संबंध असलाच पाहिजे असे नव्हते. ‘आर्टिझन’ हा शब्द इटालियनमधून फ्रेंचमध्ये आणि तेथून इंग्रजीत आला. बराच काळ हे दोन्ही शब्द एकमेकांच्या अंगणात मोकळेपणाने वावरत होते. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात ‘आर्टिझन’चा पहिला अर्थ ‘आर्टिस्ट’ असाच दिलेला आढळतो आणि हलक्या दर्जाचा धंदेवाईक हा अर्थ त्यानंतर येतो. दोन अर्थ एकाच नोंदीत शेजारी नांदत होते, पण त्यांच्यात अंतर पडू लागले होते, असे या नोंदीवरून म्हणता येईल.

पुढच्या अर्धशतकात हे अंतर संस्थांनी आणि तत्त्वज्ञानाने पक्के केले. १७६८ मध्ये लंडनला रॉयल अकादमी स्थापन झाली. तेथे चित्रकार, शिल्पकार, वास्तुविशारद यांना मान मिळाला, परंतु ठशांवर चित्रे कोरणाऱ्यांना प्रारंभी पूर्ण सदस्यत्व नाकारण्यात आले. दुसऱ्याने कल्पिलेले चित्र ते केवळ कोरतात, असा त्यामागचा समज होता. १७९० मध्ये कांटने कला आणि हस्तव्यवसाय यांत भेद केला. कला मुक्त असते, व्यवसाय मोबदल्यासाठी असतो. कला क्रीडेसारखी स्वतःच रमणीय असते, व्यवसाय कष्टाचा असतो आणि फळापुरताच आकर्षक असतो, असे त्या भेदाचे सूत्र आहे. आपल्या अभ्यासक्रमांतून परिचित असलेल्या कॉलिंगवुडने १९३८ च्या ग्रंथात हाच भेद अधिक काटेकोर केला. कारागिरीत साध्य आधी ठरलेले असते, आराखडा आणि अंमलबजावणी वेगळी करता येते, कच्चा माल आणि तयार वस्तू यांत फरक दाखवता येतो. खऱ्या कलेत हे काही लागू पडत नाही, असे त्याचे प्रतिपादन आहे.

या साऱ्या विवेचनाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. मात्र ते कोणत्या काळात घडले हे विसरता कामा नये. यंत्रोद्योगाने हस्तव्यवसाय मोडीत निघत होते, आश्रयदात्यांची जागा बाजार घेत होता आणि चित्रकाराला आपली प्रतिष्ठा सुताराच्या, सोनाराच्या प्रतिष्ठेपासून वेगळी करण्याची निकड होती. ‘आर्टिस्ट’ आणि ‘आर्टिझन’ यांच्यातील आजचा अर्थभेद या निकडीतून पुष्कळसा घडला आहे. आपल्याकडे तो वसाहतकालीन शिक्षणाबरोबर आला. १८५७ मध्ये मुंबईत सर जमशेटजी जिजीभाईंच्या नावाने सुरू झालेल्या कलाशाळेच्या नावात कला आणि उद्योग ही दोन्ही पदे होती. पुढे ‘उद्योग’ नावातून गळाला आणि ‘कला’ राहिली. एका शब्दाचे गळणे हा देखील इतिहासच असतो.

३

आता मराठीकडे वळू. ‘कलावंत’ हा शब्द आपल्याला आज प्रतिष्ठित वाटतो, पण ही प्रतिष्ठा फार जुनी नाही. गोव्यात ‘कलावंत’ हे देवळांत नृत्यगायनाची सेवा करणाऱ्या समाजाचे नाव होते. ‘कलावंतीण’ या शब्दाला मराठीत चिकटलेला अर्थ सर्वांना ठाऊक आहे. अरबी ‘कस्ब’ म्हणजे कमाई. त्यावरून आलेल्या ‘कसब’ला आपण आदर देतो, ‘कसबी’ला कौतुकाने पाहतो आणि ‘कसबीण’ म्हणताच शब्द हीन होतो. म्हणजे कौशल्याच्या शब्दाला स्त्रीलिंगी प्रत्यय लागला की त्याचा दर्जा घसरतो. ही गोष्ट पुढील चर्चेच्या दृष्टीने ध्यानात ठेवावी. ‘कारागीर’ हा फारसीकडून आलेला शब्द आहे. त्यात कामाचा बोध आहे, हीनतेचा मुळात नाही. ही हीनता ‘कलावंत’ शेजारी येऊन उभा राहिल्यावर त्याला प्राप्त झाली.

याहून बोलके उदाहरण ‘कारू’ या शब्दाचे आहे. गावगाड्यात बलुतेदारांना ‘कारू’ म्हणत: सुतार, लोहार, कुंभार ही मंडळी. संस्कृतातील ‘कारु’ म्हणजे करणारा, घडवणारा. परंतु ऋग्वेदात ‘कारु’ असा हुबेहूब तसाच दिसणारा दुसरा शब्द आहे आणि त्याचा अर्थ आहे स्तोता, कवी. नवव्या मंडलातील एका प्रसिद्ध सूक्तात बोलणारा स्वतःला ‘कारु’ म्हणवतो. त्याचा बाप वैद्य आहे, आई जात्यावर बसते आणि सारेच आपापल्या परीने उपजीविकेच्या मागे आहेत. कोशकार या दोन शब्दांचे धातू वेगळे मानतात, आणि ते बरोबरच असेल. तथापि कवी आणि सुतार यांच्यासाठी एकच ध्वनिरूप वापरताना त्या भाषेच्या वापरकर्त्यांना संकोच वाटला नाही, ही बाबही तेवढीच खरी आहे. व्युत्पत्ती दोन शब्द वेगळे करते. व्यवहारात मात्र ते पुष्कळ काळ एकत्र नांदू शकतात. ‘शिल्प’ या शब्दाचीही हीच कथा. प्राचीन वापरात त्याच्या कक्षेत नृत्य, गीत आणि घडवलेल्या वस्तू हे सारे येत असे. आनंद कुमारस्वामी यांनी १९०९ मध्ये भारतीय कारागिरावर स्वतंत्र पुस्तक लिहिले, त्यामागे हीच जाणीव होती.

तात्पर्य, ‘कलावंत’ आणि ‘कारागीर’ यांच्यात आज आपण जी पायरी मानतो ती मराठीच्या स्वतःच्या अर्थव्यवस्थेतून आलेली नाही. मराठीची स्वतःची पायरी होती, ती जातीची आणि लिंगाची होती, आणि तिचे समर्थन करण्याचा येथे हेतू नाही. इंग्रजी उतरंड या जुन्या उतरंडीवर नेमकी बसली, म्हणूनच ती परकी वाटली नाही.

४

या शब्दांची खरी कसोटी लग्नचौकापाशी लागते. वारली घरात लग्न असले म्हणजे गेरूने व शेणामातीने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढला जातो. तो काढतात सवासिणी. मध्ये पालघट देवी, भोवती नक्षीच्या पट्ट्यांची चौकट, आत-बाहेर सूर्य, चंद्र, फणी, शिडी, झाडे, पशुपक्षी आणि माणसे. शेजारी देवचौकात घोड्यावर स्वार पाचशिऱ्या. चौक पुरा होत असताना धवलेरी गाते, देवांना बोलावते आणि लग्नविधीही तीच चालवते. चौकावाचून लग्न लागत नाही. लग्न झाले की चौकाचे काम संपते. तो जपून ठेवण्यासाठी काढलेला नसतो.

कांटचे सूत्र येथे लावून पाहावे. चौक मुक्त आहे काय? नाही, तो विधीने बांधलेला आहे. मोबदल्यासाठी आहे काय? तसेही म्हणता येत नाही. कॉलिंगवुडच्या कसोटीने साध्य आधीच ठरलेले आहे, म्हणून ही कारागिरी ठरेल. पण आराखडा आणि अंमलबजावणी येथे वेगळी करता येत नाहीत, कारण आराखडा कागदावर कुठे नसतो, तो हातातच असतो. देवी कोठे असावी हे ठरलेले. भोवतीचे झाड किती वाकावे, माणसांची रांग कोठून निघावी, कोणती जागा मोकळी सोडावी, हे भिंतीसमोर उभी असलेली बाई ठरवते. अनेक हात एकाच चौकात गुंतलेले असतात आणि तरी त्यातून एक रचना उभी राहते. येथे निर्णय आहे, निवड आहे, जुळणी आहे. जे नाही ते स्वाक्षरीचे स्थान.

कॉलिंगवुडला या अडचणीची कल्पना होती असे दिसते. त्याने कारागिरी आणि खरी कला यांच्याखेरीज ‘जादू’ असा एक वर्ग मानला आणि व्यवहारासाठी भावनेला चेतवणारी, समाजजीवनाला आवश्यक असणारी कृती त्यात घातली. या शब्दाचा त्याने उपहास म्हणून वापर केलेला नाही. पण वर्गीकरणाची गंमत अशी, की चौक या तिसऱ्या खान्यात गेला की तो आदरणीय होतो आणि कलेच्या खान्याबाहेरही राहतो. १९८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या एका गाजलेल्या प्रदर्शनात वारली चित्रे मांडली गेली. त्या प्रदर्शनाचे नाव होते ‘पृथ्वीवरील जादूगार’. सर्व खंडांतील निर्मात्यांना एकत्र आणायचे तर ‘आर्टिस्ट’ हा शब्द शीर्षकात नसलेलाच बरा, असा हा मार्ग. तो उदार होता, यात शंका नाही. तरीही शब्दाचा पेच सुटला नाही, फक्त टळला.

५

१९७० च्या दशकाच्या प्रारंभी भास्कर कुलकर्णी डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरात आले. त्यापूर्वी मधुबनीच्या चित्रांना कागदावर आणण्यात त्यांचा मोठा वाटा होता. त्यांच्या या कामामागे हस्तव्यवसायांच्या विकासासाठी १९५२ मध्ये स्थापन झालेले अखिल भारतीय मंडळ होते. वारली चित्र भिंतीवरून कागदावर आले ते या वाटेने, म्हणजे ‘आर्टिझन’च्या वाटेने. हेतू रोजगाराचा होता आणि तो प्रामाणिक होता.

या वाटेवर जे नाव सर्वांत पुढे गेले ते जिव्या सोमा म्हसे यांचे. त्यांचा जन्म १९३४ मध्ये तलासरी तालुक्यातील धामणगावचा. लहान वयातच ते डहाणू तालुक्यातील कलंबीपाड्याला आले आणि तेथेच त्यांचे आयुष्य गेले. लग्नविधीशी संबंध नसताना, रोज, स्वतःच्या ओढीने चित्र काढणे ही त्यांची वेगळी वाट. माशांच्या जाळ्याच्या असंख्य रेषा, धान्याच्या राशीकडे निघालेल्या मुंग्या, तारप्याभोवती वळत जाणारी नाचणाऱ्यांची गुंडाळी ही त्यांनी ज्या ताकदीने आणि ज्या संयमाने मांडली, ती पाहता त्यांना ‘कलावंत’ म्हणण्याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पुढे ‘शिल्पगुरू’ ही उपाधी मिळाली, २००९ मध्ये नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार आणि २०११ मध्ये पद्मश्री. २०१८ मध्ये ते निवर्तले. या मालिकेत ‘शिल्पगुरू’ ही वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या हस्तव्यवसाय विभागाने श्रेष्ठ कारागिरांना द्यावयाची उपाधी आहे, तर पद्मश्री कला या क्षेत्रासाठी दिली गेली. एकाच माणसाला एकाच हाताच्या कामासाठी राज्यसंस्थेने एकदा ‘आर्टिझन’ मानले आणि एकदा ‘आर्टिस्ट’. दोन्ही वेळा गौरवच केला. पण दोन वेगळ्या दारांतून.

म्हसे यांच्याविषयी आदर कायम ठेवून एक प्रश्न विचारणे भाग आहे. चौक काढणाऱ्या सवासिणी कोणत्या दारातून आत आल्या? परंपरेने चित्र स्त्रियांचे होते. कागद आला तेव्हा प्रामुख्याने पुरुष पुढे आले. आज अनेक वारली स्त्रिया कागदावर व कापडावर चित्रे काढतात, हे खरे. परंतु ‘कलावंत’ हा शब्द गावात आला तो नाव, स्वाक्षरी, प्रदर्शन आणि प्रवास यांच्या सोबतीने आला, आणि ज्यांच्याकडे भिंत होती पण स्वाक्षरी नव्हती त्यांच्या वाट्याला ‘पारंपरिक’ हे विशेषण आले. पुरुष कलावंत झाला आणि स्त्री परंपरा झाली. ‘कसबी’ आणि ‘कसबीण’ यांच्यातील घसरणीशी या गोष्टीचे नाते वाटते. शब्दाचा अर्थ कोशात बदलत नाही, तो अशा वाटपातून बदलतो.

६

शब्दांचा हा भेद कायद्यात उतरला की त्याचे परिणाम मोजता येतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने ‘कलाकृती’ची व्याख्या करताना चित्र, शिल्प, रेखाटन यांचा उल्लेख केला आणि त्यात कलात्मक गुण असो वा नसो, असेही स्पष्ट केले. म्हणजे गुणवत्तेचा प्रश्न कायदा विचारत नाही. तो विचारतो कर्त्याचा प्रश्न. कर्ता ठाऊक असेल तर त्याच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षे हक्क टिकतो. शैलीला, आकृतीच्या परंपरेला, दोन त्रिकोणांतून माणूस उभा करण्याच्या रीतीला हे संरक्षण नाही. पेल्यावर, साडीवर किंवा हॉटेलच्या भिंतीवर कोणीही ‘वारली’ माणसे नाचवली तर कॉपीराइटचा कायदा सामान्यतः गप्प राहतो.

दुसऱ्या बाजूला १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे. त्याच्या ‘वस्तू’च्या व्याख्येत शेतमाल आणि उद्योगाचा माल यांच्या बरोबरीने हस्तव्यवसायाची वस्तू येते. वारली चित्राला २०१४ मध्ये मिळालेली नोंदणी हस्तव्यवसाय या वर्गातली आहे. या नोंदणीचे बळ असे की तो हक्क समूहाचा असतो, तो कोणाला विकता येत नाही आणि दर १० वर्षांनी नूतनीकरण करून पुढे चालू ठेवता येतो. उणीव अशी की या हक्कात व्यक्तीला चेहरा नाही. तेथे ती उत्पादक किंवा अधिकृत वापरकर्ती असते.

म्हणजे ‘आर्टिस्ट’ म्हणून उभे राहावे तर नाव मिळते, पण समाजाचा वारसा उघड्यावर राहतो. ‘आर्टिझन’ म्हणून उभे राहावे तर वारशाला कुंपण मिळते, पण नाव हरवते. काही विद्वान म्हणतील की हा भेदच टाकून द्यावा आणि साऱ्यांना कलावंत म्हणावे. या भूमिकेतील सद्‌भाव मला मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही. सर्वांना एकच मोठा शब्द दिला की समूहाचा हक्क सांगण्याचे साधन आपण हातचे घालवतो. शिवाय उत्तम कारागिरी ही स्वतःच्या बळावर आदरास पात्र आहे. तिला मान देण्यासाठी तिचे नाव बदलावे लागत असेल, तर तो मान तिला मिळालाच नाही. दोन शब्द राहू द्यावेत, त्यांच्यातील अर्थभेदही राहू द्यावा. पायरी तेवढी काढून घ्यावी. एकाच व्यक्तीला एकाच वेळी दोन्ही शब्द लागू पडतात, हे मान्य करण्यात तर्कदोष नाही. भिंतीसमोरची सवासीण परंपरेची वाहक म्हणून समूहाची आहे आणि झाड किती वाकावे हे ठरवणारी म्हणून स्वतःची आहे.

७

येथवरचे विवेचन चित्रकलेचे झाले. मराठी साहित्याच्या विभागाने त्यात का पडावे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तिचे पहिले उत्तर असे, की लेखन आणि चित्र यांच्यातील भिंतही तितकीशी जुनी नाही. संस्कृतात चित्राला ‘आलेख्य’ म्हणतात. ‘लिख्’ या धातूत ओरखडणे, रेखणे आणि लिहिणे हे सारे आहे. उषेच्या सांगण्यावरून राजपुत्रांची चित्रे काढणाऱ्या सखीचे नाव चित्रलेखा आहे. दुसरे उत्तर अधिक निकडीचे आहे: चौकापाशी गाणारी धवलेरी.

विवाहप्रसंगी गावयाच्या गीतांना मराठीत ‘धवळे’ हे जुने नाव आहे, आणि ‘धवलेरी’ या शब्दाची त्याच्याशी असलेली जवळीक कानालाच जाणवते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महानुभाव पंथातील महदंबेने रुक्मिणीस्वयंवराचे धवळे रचले. त्यांच्या आधारे आपण तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतो आणि योग्यच म्हणतो. तिनेही विवाहगीताच्या रूढ साच्याचाच आधार घेतला होता. साचा समूहाचा, योजना तिची. पंथाने हस्तलिखिते जपली म्हणून तिचे नाव उरले. धवलेरीही साचा समूहाकडून घेते. कोणत्या देवाला आधी बोलवायचे, कोणती ओळ लांबवायची, या घरच्या नवरीसाठी काय जोडायचे हे तिच्याही पदरचे असते. तरी महदंबा ‘कवयित्री’ आणि धवलेरी ‘निवेदक’ किंवा ‘माहिती देणारी व्यक्ती’. आपल्या प्रबंधांच्या परिशिष्टांत गीते शंभराच्या संख्येने असतात, गाणारीचे नाव पुष्कळदा नसते; असलेच तर वय आणि गाव यांच्या तक्त्यात असते. ‘आर्टिस्ट’ आणि ‘आर्टिझन’ यांच्यातील जी पायरी आपण कलासमीक्षेत नाकारू, तीच ‘कवी’ आणि ‘लोकगायिका’ या जोडीत आपण स्वतःच्या हाताने रचत असतो.

कायदा या बाबतीत आपल्यापेक्षा थोडा पुढे गेला आहे. १९९४ च्या दुरुस्तीने गायक, नर्तक यांच्याच रांगेत जादूगार, कसरतपटू, गारुडी आणि व्याख्याताही ‘सादरकर्ता’ ठरला. २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्त्याला आपल्या सादरीकरणाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक हक्क मिळाला. प्राध्यापक आणि धवलेरी कायद्याच्या एकाच कलमात शेजारी बसले आहेत. याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे: मूळ चित्र किंवा लेखकाचे मूळ हस्तलिखित दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकले गेले, तर त्या रकमेत कर्त्याला वाटा मागता येतो. चित्रकार आणि लेखक येथे सोबत आहेत. जिचे गाणे हस्तलिखित नाही ती मात्र या तरतुदीच्या बाहेर आहे.

म्हणून काही गोष्टी आपल्या विभागांनी स्वतःहून स्वीकाराव्यात असे सुचवावेसे वाटते. गीत छापताना, गाणारीची इच्छा असल्यास, तिचे पूर्ण नाव गीताच्या माथ्यावर यावे, परिशिष्टाच्या तळाशी नको. नाव नको असेल तर तसे तिने सांगितल्याची नोंद असावी. एकाच गीताची दोन गायिकांकडून मिळालेली रूपे एकत्र करून ‘शुद्ध’ पाठ सिद्ध करू नये. दोन्ही रूपे दोन कर्त्यांची म्हणून स्वतंत्र छापावीत. कोणते भाग परंपरेतून आलेले आणि कोणते स्वतः जोडलेले, हे गाणारीलाच विचारावे. ती हा भेद करू शकते हे गृहीत धरूनच विचारावे. छापील प्रत तिच्या पाड्यावर पोचावी. आणि शीर्षकात ‘वारली लोकगीते’ असे लिहिण्यापूर्वी ‘लोक’ या पदाने आपण कोणाची नावे झाकतो आहोत, याचा क्षणभर विचार व्हावा. संपादक म्हणून मुखपृष्ठावर आपले नाव छापताना आपल्याला समूहात विरून जावेसे वाटत नाही. मग समूहात विरण्याची सक्ती फक्त गाणाऱ्यांवर का असावी?

या सूचना खर्चिक नाहीत. त्यांसाठी नवा सिद्धान्तही लागत नाही. त्यांना विरोध होईल तो प्रामुख्याने सवयीचा असेल. लोकसाहित्य म्हणजे निनामी, हे समीकरण आपण इतक्या पिढ्या शिकवले आहे की नाव आढळले तर ते लोकसाहित्यच नव्हे, अशी शंका विद्यार्थ्याला येऊ लागते. वस्तुतः निनामीपणा हा त्या गीतांचा गुणधर्म नसून आपल्या नोंदवहीचा आहे. गावात कोणती धवलेरी कसे गाते, कोणाच्या हातचा चौक भरून दिसतो, हे सर्वांना नावानिशी माहीत असते. नावे तेथे आहेतच. ती लिहून घेणे तेवढे आपल्याकडे बाकी आहे.